सीटचं प्लॅस्टिक

"आबा, सून बोलतच न्हाय की तुमची! मुकी आसंल तर सांगा, तिचाबी फॉर्म भरून टाकू!"

लग्नाला आठवडा झाला होता. निमगाव केतकीच्या घरात मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि ओसरीवर हशा पिकला होता. बोलणारे दत्तूतात्या. ते आणि माझे सासरे आबा, दोघंही निराधार-अपंगांच्या समितीचे मेंबर. कुणाला दरमहा सरकारी पगार सुरू करायचा आणि कुणाचा तोडायचा, हे बरंचसं आमच्या ओसरीवरच ठरायचं.

लोक किस्से गोळा करायला गावभर हिंडतात. मला स्वयंपाकघराचं दार पुरलं.

०

लासुर्ण्याचे गेनूबा. उजवा पाय मांडीपासून कापलेला. अपंगत्वाच्या दाखल्याची तीन वर्षांची मुदत संपली आणि पगार बंद! गेनूबा कुबड्या टेकत आले.

"आबा, पाय काय परत उगवतोय व्हय?"

दत्तूतात्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"तसं न्हाय गेनूबा. पण सरकारला खात्री करावी लागती!"

मला वाटलं, आता सगळे हसतील. कुणीच हसलं नाही. तात्या सीरियस होते!

०

बावड्याच्या ठकूबाई विधवा. मुलगा बारामतीला नोकरीला, आईकडं ढुंकून बघत नव्हता. पण मुलगा आहे म्हटल्यावर त्या निराधार कशा? समितीच्या क्लार्कनं तोड काढली: मुलगा सांभाळत नाही, असं मुलाकडूनच लिहून आणा.

आणि मुलगा आला की हो! इस्त्रीचा शर्ट घालून. ओसरीवर बसून त्यानं 'मी आईस सांभाळत नाही' असं लिहिलं, खाली झोकदार सही ठोकली, माझ्या हातचा चहा प्यायला आणि गेला.

ठकूबाईंनी कागद उलटासुलटा धरून पाहिला आणि मला जवळ बोलावलं.

"सूनबाई, अक्षर किती चांगलं हाय बघ माझ्या लेकाचं!"

०

हे सगळं ऐकताना एक जण कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली असायची. माझी नणंद, शकूवन्सं. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून हातांवर सरकत चालतात. त्यांचा अर्ज कधीच गेला नव्हता.

"मेंबरच्याच घरात लाभार्थी? लोक त्वांडात शेण घालतील!" इति आबा.

०

मग दिल्लीहून खासदारांची समिती येणार असं कळलं. अपंगांना मदत पोचते का, हे बघायला. ओसरीवर धावपळ! अपंगांसाठी आलेल्या तीनचाकी सायकली गोडाऊनात पडून होत्या, कारण वाटपाच्या कार्यक्रमाला मोठ्या पाहुण्याची तारीख मिळत नव्हती. आता समितीला दाखवायचं काय?

क्लार्क म्हणाला, "एक सायकल दोन दिवसांसाठी काढू. पण वर बसवायचं कुणाला? बाहेरचा माणूस एकदा बसला की उतरायचा न्हाय."

सगळ्यांनी शकूवन्संकडं बघितलं. आबांनीसुद्धा!

सायकल टेम्पोतून आली. क्लार्कनं बजावलं, "सीटचं प्लॅस्टिक काढू नका. जशीच्या तशी जमा करायचीय."

त्या दोन दिवसांत वन्सं अंगणभर फिरल्या, मग गल्लीभर. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन स्वतः निवडून बांगड्या भरून आल्या. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पहिल्यांदा! प्लॅस्टिक करकर वाजत होतं.

०

समिती आली. पांढऱ्या गाड्या, हारतुरे, ओसरीवर खुर्च्या. मी चहा फिरवत होते. समितीतल्या एक बाई हार बाजूला ठेवून उठल्या आणि थेट वन्संसमोर जाऊन बसल्या.

"सायकल कधी मिळाली, ताई?"

उत्तर पाठ करून घेतलेलं होतं: वरीस झालं. क्लार्क ओठ हलवून आठवण करून देत होता. वन्संनी आबांकडं बघितलं. आबा जमिनीकडं बघत होते. वन्संची मूठ हँडलवर घट्ट झाली.

मी ट्रे खाली ठेवला.

"परवा," मी म्हणाले. "आणि संध्याकाळी परत न्यायला टेम्पो येणार आहे."