माहेरची शेवटची साडी

माझा देह धुळ्याच्या मेडिकल कॉलेजला द्यायचं मी ठरवलं, तेव्हा तिथल्या बाईंनी नियम सांगितला. अर्जावर माझी सही आणि दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक हवा. मी मेल्यावर घरच्यांनी नाही म्हटलं, तर मात्र कॉलेज हट्ट धरत नाही. माझा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरचा म्हणजे एरंडोलचा धाकटा भाऊ.

तो ऐकून रडकुंडीला आला. आमच्याकडे बाई गेली की भाऊ माहेरची साडी आणतो, आणि ती नेसवूनच तिला चितेवर ठेवतात.

"अक्का, मंग ती साडी मी कोनले नेसाडू?"

"ती साडी आत्तेच लई ये. जित्ती शे तवर मीच नेसस."

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तो साडीची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "रंग देखी ले. नंतर कुरकुर करशी."

ती जांभळी साडी नेसून मी त्याच्याबरोबर एसटीने धुळ्याला गेले. त्याने साक्षीदार म्हणून सही केली. मी चौथी शिकलेली बाई. उद्या डॉक्टर होणारी पोरं माझ्या देहावर शिकतील, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

परतताना तो म्हणाला, "मंग त्या दिवशी मी काय आनू?"

"काही नको. कॉलेजले फोन कर, आनि उशीर करू नको."

त्याने बसमध्येच अर्जावरचा नंबर मोबाईलमध्ये घेतला आणि बरोबर आहे का, म्हणून मला वाचून दाखवला.