अण्णांचं घड्याळ माझ्या मनगटावर

आता काय सांगू तुम्हाला, माणूस शिकला की त्याचा गाढवपणाही शिकतो! मी बी.एस्सी. झालेला, झरीत खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा माणूस. ऐका माझे प्रताप.

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, पार्किन्सन आहे. उजवा हात थरथरतो. पण परभणीला डॉक्टरांसमोर बसले की हात एकदम गप्प! म्हणून डॉक्टरांनी एक घड्याळ दिलं. हातात घालायचं, ते थरथर मोजणार आणि माझ्या मोबाइलवर रोजचा आलेख येणार!

"पंधरा दिवस हातातून काढायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "थरथर वाढली असेल तर गोळ्या वाढवू, आणि एकट्यानं शेतात जाणं बंद."

बाहेर आल्यावर अण्णा एवढंच बोलले, "शेत बंद म्हंजी म्या बी बंदच की रे."

दुसऱ्या दिवशी अण्णा शेताकडं निघाले.

"अण्णा, घड्याळ द्या इकडं. चिखलापाण्यानं खराब होईल."

"आरं, डाक्टर काढू नका म्हनले की!"

"हातातून काढू नका म्हणाले. मी माझ्या हातात घालतो, मग तर झालं?"

हसू नका! मला वाटलं, नाव अण्णांचं नोंदवलंय, मग आकडे अण्णांचेच येणार. आधार कार्ड माझ्या खिशात असलं म्हणून त्यावरचा फोटो बदलतो का?

झालं! दिवसा घड्याळ माझ्या उजव्या हातात, संध्याकाळी अण्णांच्या. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी मनगट पुढं करून दाखवायचो.

तिसऱ्या दिवशी आलेख बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. दहा वाजता उंच लाल रेघ! बाराला तशीच! चारला त्याहून उंच!

"सुनंदा!" मी बायकोला हाक मारली. "अण्णांचं लय वाढलंय!"

"काय तरीच! आत्ता कपभर चहा पिले, थेंब बी सांडला न्हाई."

"मशीन खोटं बोलतं का?"

चार दिवस रोज तेच. शेवटी मी अण्णांचं शेत बंद केलं. घड्याळ आता दिवसभर त्यांच्याच हातात. आणि काय चमत्कार! लाल रेघा गायब! मी तर ओसरीत नाचलोच.

"बघा अण्णा! शेतामुळंच वाढत होतं!"

अण्णांनी मान फिरवली. भाकरीही अर्धीच खाल्ली. त्यांचं तोंड बघून मलाही वाईट वाटत होतं, पण विज्ञानापुढं कुणाचं चालतं का?

पंधराव्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात. डॉक्टर आलेख बघतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात.

"पहिला आठवडा विचित्र आहे. रोज दहा, बारा आणि चार. दोन मिनिटं अंगठा गोल फिरतो, मग तीन झटके, मग सगळं शांत. वेळापत्रक पाळणारी थरथर मी आजवर पाहिली नाही! अण्णा, तेव्हा काय करत होता?"

"म्या शेतात व्हतो. घड्याळ ह्याच्या हातात व्हतं."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी आधार कार्डाचं सांगायला तोंड उघडलं, तोवर सुनंदानं डावा तळहात पुढं केला, उजव्या अंगठ्यानं चोळला आणि वरून तीन थापा मारल्या.

"असं का, साहेब?"

"अगदी असंच!"

"मग अण्णाचं काई न्हाई त्यात. ह्यांनी तंबाखू मळलीय! वरीसभर मला सांगायलेत, सुटली म्हणून!"

जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला! डॉक्टर हसून हसून खोकायला लागले. अण्णांचा खरा आलेख एकदम चांगला निघाला. गोळ्या तेवढ्याच, शेत चालू! अण्णा खुर्चीतून असे उठले, की आता थेट बांधावरच जाऊन थांबतात. आनंद मलाही झाला, पण दाखवायला तोंड नव्हतं.

त्यानंतर सुनंदानं तसलंच दुसरं घड्याळ आणलं. माझ्यासाठी! जोडलंय अण्णांच्या मोबाइलला, हात हलला की तिकडं लगेच घंटी!

काल सकाळी दुकान उघडलं. गारठा होता म्हणून नुसते हात चोळले हो, देवाशपथ! मिनिटभरात शेतातून अण्णांचा फोन.

"आधी थुक!"