बोटभर कापलेला डबा

कुमासी शहरात आज लारीबाच्या चवळीभाताची नऊ दुकानं आहेत आणि नऊही ठिकाणी रांग असते. लोक म्हणतात, बाईचं नशीब फळफळलं. नशीब कसलं डोंबलाचं. शहरातल्या आडुम भागात पहिलं दुकान उघडलं तेव्हा ती बाई जिवाला कंटाळली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याआधी वीस वर्षं ती असावासेच्या नाक्यावर भात विकायची, पानात बांधून, वर काळी चटणी. दुकानापायी तिनं ती जागा सोडली आणि दुसऱ्याच दिवशी तिथं भलतीचीच चूल पेटली. आता माघारी जायला जागा नव्हती, आणि इथं दुकानात माशा मारायची पाळी.

"भात तोच, चटणी तीच, मग मेले फिरकत का नाहीत?" ती लेकाला, अलासानला, विचारायची.

कारण अलासानच होता. त्यानं मापाचे डबे आणले. एका गिऱ्हाइकाला एक डबा, ग्यारा बंद. ग्यारा म्हणजे मोजून झाल्यावर वर टाकायचा फुकटचा डाव. आमच्याकडे त्याशिवाय बाजार होतच नाही. माणूस पान पुढं धरून उभा राहायचा आणि भात वाढणारी पोरगी त्याच्या मागच्याकडं बघायची. तो बिचारा ओशाळून निघून जायचा, तो कायमचाच.

"ग्यारा सुरू कर," लारीबा म्हणाली.

"आई, दुकान बुडेल."

"आता काय तरंगतंय?"

दुसऱ्या दिवशी अलासाननं सगळे डबे पत्रेवाल्याकडून बोटभर कापून आणले. "यानं मोज, वर डाव टाक. डाव धरून भात तेवढाच जातो."

लारीबानं कापलेला डबा हातात घेऊन पाहिला. "अरे, ही फसवणूक झाली."

"मग कुलूप लाव."

तिनं कुलूप लावलं नाही.

आठवड्यात रांग रस्त्यावर गेली. त्या रांगेत हातगाडीवाला इसाका होता, नाक्यावरचं जुनं गिऱ्हाईक, एवढ्या लांब चालत आलेला. लारीबानं पोरीला बाजूला सारून स्वतः वाढलं. कापलेल्या डब्यानं मोजलं, वर डाव टाकला. मग आणखी एक. हात थांबेना, तिसरा टाकला.

"पुरे गं बहिणी," इसाका म्हणाला. "सगळ्यांना असं वाटत सुटलीस तर तुझ्या पोटाला काय उरणार?"

लारीबाला त्याच्याकडं बघवेना. तिनं पुढच्या माणसाचं पान ओढून घेतलं.