नानांचा आकडा

बडनेऱ्याला गाडी बदलतानाच माझं डोकं तापलं होतं. आम्ही अमरावतीकर कुठं लांब निघालो की बहुतेकदा आधी बडनेरा गाठायचं, तिथं ताटकळायचं आणि मग पुढं जायचं. अकोलेकर मात्र घरून निघतो तो थेट मुंबईच्या गाडीत बसतो. परवा भाच्यानं पुण्याहून मेट्रोच्या जंक्शनचे फोटो पाठवले, जमिनीखाली दोन लाइनी भेटतात त्याचे. मी त्याला लिहिलं, बाबू, असल्या गाठीभेटी अकोल्यानं तुझ्या आजोबांच्या वेळीच पाहिल्यात. लिहिलं खरं, पण अकोल्याचं कौतुक माझ्याच हातून झालं म्हणून जीव चरफडला.

पिशवीत पेपरात गुंडाळलेला आकडा (कापसाची गाठ ओढायचा, लाकडी मुठीचा हूक) होता. माझे वडील, नाना, अकोल्याच्या स्टेशनावर हमाल होते. सहा दिवस तिथं, रविवारी घरी. युसूफचाचा त्यांचे जोडीदार; नानांचं राहणं-जेवण त्यांच्याच घरी. या चाचांच्या मुलानं, सलीमनं, आठवड्यापूर्वी फोन केला होता.

"दादा, जुनी शेड पाडून राहिले. एकदा पाहून जा. नानाचा आकडा बी आमच्या घरी हाय, तो बी पाहा."

नानांचा आकडा! तो तर माझ्या माळ्यावर पडला होता. माझ्या बापाचे सहा दिवस या सलीमला मिळाले, आता आकडाही त्याचाच? त्याची थाप त्याच्याच पुढ्यात उघडी पाडायची म्हणून मी निघालो.

मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर कपाशी फुटली होती. समोरच्या बाईनं पेरू कापून तिखटमीठ लावून पुढं केला.

"कोठी चालले, भाऊ?"

"अकोल्याले."

"पावण्याइकडे काय?"

"नाही. भांडाले."

ती खळखळून हसली आणि आणखी एक फोड दिली.

सलीम फलाटावरच उभा होता. दाढी पांढरी झालेली. कडकडून मिठी मारली आणि मला थेट त्या जुन्या शेडकडं घेऊन गेला. अर्धे पत्रे उतरले होते.

"ह्या बाजूले खांडव्याची छोटी लाइन, त्या बाजूले मोठी," तो हात पसरून सांगू लागला. "छोटीचा डबा मोठीच्या रुळावर चालेच ना. मंग एकूण एक गाठ मानसानंच इकडची तिकडं कराची. अब्बा छोटीच्या दाराशी, नाना मोठीच्या."

कापूस, तूर, माणसं, सगळ्यांनी इथं गाडी बदलली. पुढं छोटी लाइन रुंद झाली, डबे सरळ जाऊ लागले आणि हमालांच्या जोड्या मोडल्या. इतिहास म्हणाल तर एवढाच.

"इथं नाना मले खांद्यावर बसवत," सलीम म्हणाला. "इंजन दाखवत."

मला नानांनी कधी इंजिन दाखवलं नाही. रविवारी त्यांची वाकडी करंगळी धरून बाजारात जायचो, तेवढाच माझा बाप. घरी बोलायचे तेही मोजकंच.

सलीमच्या घरी त्याच्या बायकोनं, भाभींनी, वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर वाढली. भरीत असं झणझणीत की भांडणसुद्धा दोन घास लांबलं. हात धुतले आणि मी पिशवीतला आकडा काढून खणकन फरशीवर टाकला.

"हा पाह नानाचा आकडा. माह्या घरचा!"

सलीमनं तो उचलला. मुठीवरून अंगठा फिरवला, गंजावरून फिरवला. मग उठून कोनाड्यातून दुसरा आकडा आणला. तो आरशासारखा लख्ख होता. त्याची मूठ मी हातात घेतली, आणि करंगळीच्या जागी आडवा खळगा लागला. ती करंगळी मी ओळखणार नाही होय?

"तुमच्याकडचा अब्बाचा हाय, दादा. जोडी सुटली का आकडे बदलाचे. सोताचा आकडा सोताच्या घरी न्याचा नाही, असा रिवाज होता हमालांचा. नानानं सांगतलं नाही काय?"

"नाही."

"अन् मंग यावर गंज कावून चढू देला?"

खोटं बोलवेना. "नानाचा समजून माळ्यावर फेकला होता. ते तुमचेच झाले, याचा राग होता."

"आमचे?" सलीम एकदम उसळला. "नाना जेवाले बसले का एकच गोष्ट! माहा पोरगा इंग्रजी वाचते, माहा पोरगा पयला आला! मंग अब्बा मले हाने. तुमच्यापायी लय मार खाल्ला मी. शाळाच सोडून देली."

भाभी पदराआड हसत होत्या. मला हसता येईना. नाना माझ्याबद्दल बोलायचे, आणि तेही या पठ्ठ्यानंच ऐकलं!

"सलीम, बदलून घेऊ. ज्याचा त्याले."

त्यानं अब्बांचा आकडा छातीशी धरला, क्षणभरच. मग कागदात गुंडाळून स्वतःच माझ्या पिशवीत ठेवला.

"रिवाज मोडाचा नाही, दादा. पन मी येईन पाहाले. या रविवारीच येतो."

अमरावतीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. चप्पलही काढली नाही, पॉलिश पेपर आणि तेलाची बाटली घेऊन ओट्यावर बसलो.

"कोणाचा हाय थो?" बायकोनं विचारलं.

"सलीमच्या बापाचा."

तेव्हापासून रोज घासतोय. माझ्या बापाला सलीमनं इतकी वर्षं लख्ख ठेवलं, हे मला अजून सहन होत नाही. रविवारी तो यायच्या आत त्याचा बाप माझ्या बापापेक्षा जास्त चमकला पाहिजे.