न थांबलेलं मशीन

व्हर्लिन स्टेनरुडचं तोंड आणि काउंटी कचेरीच्या तळघरातलं त्याचं मशीन, दोन्ही कधी बंद पडत नसत. मशीनचं निदान कौतुक तरी व्हायचं. आठ वर्षं ते एकदाही न थांबता चालू होतं, आणि दर हजार दिवसांनी हा बाबा घरून केक करून आणायचा, वर साखरेत आकडा काढून. तीन हजारांचा केक नुकताच झाला. कचेरीतल्या बायका खाताना माना डोलवत होत्या; कशाबद्दल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरांत सगळं जग वापरतं तीच सिस्टीम. व्हर्लिनच्या मशीनवर मात्र अशी, की मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात तिचं नाव ऐकलेला दुसरा माणूस सापडला नसता. कचेरीची सगळी मेल याच मशीनमधून आत-बाहेर जायची. "चोर कुठे जातो? जिथे गर्दी, तिथे," कॉफीच्या यंत्रापाशी जो सापडेल त्याला तो सुनवायचा. "तुमची ती सिस्टीम म्हणजे भर जत्रा. माझ्या ओसाड माळावर कोण कशाला मरायला येतंय?" सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या, पण त्या बसवायच्या तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागे, म्हणजे दिवसांची मोजणी शून्यावर. व्हर्लिन त्या बसवतच नसे.

फेब्रुवारीत वरच्या मजल्याचा निकाल लागला. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या आर्डिस लुंडीनने साहेबांच्या नावाने आलेली एक मेल उघडली आणि दुपारपर्यंत चोरांनी एकूण एक कॉम्प्युटर कुलूपबंद केला. नऊ दिवस काउंटीत, म्हणजे जिल्हाभर, कुणाला लग्नाचा परवाना मिळेना की दफनाचा. त्या थंडीत मेलेल्यांना घाई नव्हती म्हणा. तळघर मात्र ठणठणीत, आणि व्हर्लिनला तर ऊत आला. त्याने ती मेल छापून सूचनाफलकावर लावली, आर्डिसच्या नावाभोवती लाल गोल काढून.

"काय गं आर्डिस, उद्या लांडगा दारात येऊन 'मी साहेब' म्हणाला, तर त्याला कॉफी विचारशील?"

सगळे हसले. आर्डिसही हसली, करते काय. "पण ती साहेबांच्याच पत्त्यावरून आली होती रे. मी दोनदा बघितलं."

"सगळे असंच म्हणतात."

तिला घरी बसवलं आणि चौकशी लावली, गुरुवारी दुपारी दोनला, काउंटीचा कारभार बघणाऱ्या पाच कमिशनरांपुढे. एकतीस वर्षांची नोकरी होती तिची. नवऱ्याचं, ड्वेनचं, कॅन्सरचं औषध त्या नोकरीच्या विम्यावर चालायचं. ठपका बसला की दोन्ही गेलं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

मेल कुठून आली त्याचा कागद आणायला व्हर्लिनला सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी तो शीळ घालतच तळघरात उतरला. मेलचा माग काढला. मेल बाहेरून आलीच नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये तयार झाली होती.

त्याने तीनदा तपासलं. मग मशीन उभं-आडवं धुंडाळलं, आणि तासाभराने तो सापडला: एका निरुपद्रवी प्रोग्रामच्या नावाखाली, चालू मेमरीत, कुणीतरी परका चार वर्षं आरामात बसलेला. न बसवलेल्या दुरुस्तीच्या भोकातून आत आला होता, आणि दुसरा चोर येऊ नये म्हणून ते भोक आतून बुजवूनही घेतलं होतं. डिस्क भरली तेव्हा त्यानेच साफ केली होती. "बघा, माझी सिस्टीम स्वतःची काळजी स्वतः घेते," असं व्हर्लिन तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला होता. म्हणे कुणी येत नाही! येतील कसे? घरात आधीच धनी बसला होता. आणि त्याने हेच घर निवडलं, कारण ही सिस्टीम व्हर्लिनशिवाय कुणाला कळत नव्हती, आणि व्हर्लिन बघत नव्हता.

व्हर्लिनने घड्याळ बघितलं. साडेअकरा वाजले होते. वर जाऊन नुसतं कुणाला तरी बोलवायचं, हा पडदा दाखवायचा, की आर्डिस सुटली. तो उठलासुद्धा. जिन्यापर्यंत गेला. मग त्याला तो सूचनाफलक आठवला, त्यावर लाल गोलात स्वतःचं नाव दिसलं, आणि लाज वाटली. आर्डिसची थट्टा केल्याची नव्हे, आता आपल्याला सगळे हसतील याची. तो परत फिरला. मेलच्या मागाची नोंद पुसली आणि पडदा काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं. परका नुसत्या चालू मेमरीत होता, डिस्कवर कुठेच नव्हता. वीज गेली तसा तोही गेला. मग व्हर्लिनने आठ वर्षांच्या दुरुस्त्या एकेक करून नीट बसवल्या.

दोन वाजता कमिशनरांनी विचारलं, "मेल कुठून आली?"

"बाहेरून. नेमकी कुठून, ते सांगता येत नाही."

"खोटी आहे हे ओळखता आलं असतं?"

"डोळे उघडे ठेवले असते तर."

"मी दोनदा बघितलं होतं," आर्डिस म्हणाली. एवढंच. तिला काढायच्या बाजूने पाचही हात वर झाले. बारा मिनिटांत सगळं आटोपलं.

बाहेर गाड्यांपाशी ती त्याच्याकडेच चालत आली, हातात टेबलावरच्या सामानाचं खोकं. हिला कळलं, असं वाटून व्हर्लिन खिशात गाडीची किल्ली शोधू लागला.

"तुझ्यावर राग नाही रे माझा," ती म्हणाली. "तू आपलं काम केलंस. एक मागू? आता ड्वेनच्या औषधांचे अर्जबिर्ज सगळे घरच्या कॉम्प्युटरवरूनच करायचे. तुझी ती सिस्टीम त्यावर घालून देशील? पुन्हा मूर्ख नाही बनायचं मला."

शनिवारी तो गेला. काम तीन तास चाललं. आर्डिसने ओव्हनमध्ये बटाट्याचं हॉटडिश भाजलं होतं. ड्वेन घरातही लोकरी टोपी घालून टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, "देवासारखा आलास बघ." व्हर्लिन मान खाली घालून खात राहिला.

"आता कुणी येणार नाही ना यात?" आर्डिसने विचारलं.

"कुणी नाही," व्हर्लिन म्हणाला.

तिला बरं वाटलं, आणि तिने त्याला आणखी एक डावभर वाढलं.