अर्डिस टॉफ्टेचा जनरेटर

अर्डिस टॉफ्टे एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की लागली, हे नॉर्थ डाकोटातल्या त्या छोट्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गावाचं पंपघर ती सांभाळायची. त्यासाठीच तिने सैन्याने मोडीत काढलेला जनरेटर ऑनलाइन लिलावात घेतला. पैसे भरायला तिला दोन दिवस मिळाले. सरकारला तो न्यायची परवानगी द्यायला अकरा आठवडे लागले. परवानगीच्या अर्जात 'यंत्र कशासाठी हवं?' या रकान्यात तिने लिहिलं, 'वीज गेली की पाणी चढवायला.' अर्ज परत आला : सविस्तर लिहा. तिने टाकीच्या उंचीपासून शाळेतल्या नळांपर्यंत चार पानं खरडली. तीही परत आली, कारण जागा तीनच ओळींची होती.

"अगं, सोड की नाद," शेजारचा वेंडेल म्हणाला. "सरळ नवा घे."

"नवा काय, कुणीही घेईल," ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला बसली.

अखेर मंजुरी आली. सहा तास ट्रक हाकत ती सैन्याच्या डेपोच्या फाटकाशी पोचली. तिथल्या कारकुनाने नियम वाचून दाखवला : माल आजच न्यायचा, नाहीतर जप्त, आणि चढवायला आमची माणसं मिळणार नाहीत.

"दीड टनाचं धूड आहे, बाई. हाताने उचलणार का?"

अर्डिसने आपल्या ट्रकवरच्या क्रेनकडे बोट केलं. "ही गेल्या वर्षी तुमच्याकडूनच घेतली. क्रेन लगेच दिलीत, पण तिच्या मालकीचे कागद द्यायला नऊ महिने लावलेत. तेवढ्या वेळात मी ती चालवायला शिकले. आता फाटक उघडा."