रुखमाचं लेकरू

आसगावच्या ताराचंदला पाण्याची भीती होती असं कुणी म्हणणार नाही. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणा करण्यात तो सगळ्या गावाच्या पुढे. बोडीची, म्हणजे शेतातल्या तळ्याची, पाळ फुटली की मध्यरात्रीही लोक त्यालाच उठवायचे. पण पवनीच्या घाटाचं नाव काढलं की या गड्याचे गुडघे दुखायला लागत. पवनी काही लांब नाही, दर आठवड्याला त्याचा बाजार तिथेच. जुन्या कोटाच्या दरवाजातून आत जायचं, बियाणं घ्यायचं, चहा प्यायचा, भावावरून दुकानदाराशी यथेच्छ हुज्जत घालायची, आणि नदीकडे उतरणारी गल्ली आली की मान खाली घालून दुसऱ्या वाटेने निघून जायचं. पासष्टी उलटली तरी त्या घाटाच्या एकाही पायरीला त्याचा पाय लागला नव्हता.

त्याची बायको रत्नमाला नदीपलीकडची. लग्नात वऱ्हाड नावेने घटकाभरात पोचलं असतं. या नवरदेवाने सगळ्यांना बैलबंडीने लांबच्या पुलावरून फिरवून नेलं आणि मुहूर्त घालवला. त्यावरून तिने त्याला चाळीस वर्षं टोमणे मारले. काहून म्हणून विचारलं की तो म्हणायचा, "मायेनं सांगतलं होतं." बस. याहून जास्त एक अक्षर नाही. माणूस एरवी इतका बोलका, की बैलाशीसुद्धा राजकारणावर बोलेल, पण या बाबतीत मात्र ताकास तूर लागू द्यायचा नाही.

माय म्हणजे शकुनबाई. ताराचंदला बाप आठवतच नव्हता. मायेनेच त्याला वाढवलं, शेती राखली, त्याच्यासाठी भावकीशी भांडली. ती जाऊन वीस वर्षं झाली तरी हा रोज एकदा तरी तिचं नाव घेतल्याशिवाय जेवायचा नाही. मेथीत मीठ कमी पडलं तरी माय, आणि वासरू चांगलं निघालं तरी माय. असा मायवेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिने सांगितलेली गोष्ट अशी होती. ताराचंदच्या आधीची तिची लेकरं जगली नव्हती. अशा घरात मूल झालं की ते दुसऱ्या बाईला विकायची रीत होती. मुलाला सुपात घालून न्यायचं, त्या बाईने मोबदला म्हणून एक चिंधी द्यायची, पोराला एकदा अंगावर पाजायचं, मग आईने मूठभर कोंडा देऊन ते परत विकत घ्यायचं. म्हणजे दैवाला वाटतं की हे लेकरू या घरचं नाहीच, आणि ते वाट वाकडी करून निघून जातं. शकुनबाईने पवनीच्या घाटावर नाव चालवणारी रुखमा निवडली, कारण रुखमाची सगळी पोरं धडधाकट होती. रुखमाने चिंधी दिली, पोराला नावेत घेतलं, मधल्या धारेत नेऊन पाजलं आणि परत आणून पोरासकट सूप पायरीवर ठेवलं. शकुनबाईने कोंड्याची मूठ पुढे केली. रुखमा म्हणाली, "राहू दे. मले हा आवडला." आणि हसत हसत नाव ढकलून निघून गेली.

कोंडा शकुनबाईच्या मुठीतच राहिला. त्याच पावसाळ्यात नाव उलटली आणि रुखमा कुणाला सापडली नाही. चिंधीत मिळालेलं लेकरू म्हणून मायेने पोराचं नाव चिंधू ठेवलं. पाच वर्षं पुरी होऊन तो धोक्यातून बाहेर आल्यावर ताराचंद केलं, आणि ते जुनं नाव परत कधी तोंडात आणलं नाही. मोठा झाल्यावर एकदाच तिने त्याला जवळ बसवून सांगितलं, "तू अजून तिचाच हायस. घाटावर जाऊ नोको. अन् कोणाले सांगू नोको, सांगतलं का तिले आयकू जाते."

आता अशा माणसाने आपल्या मुलाला काय कारण सांगावं?

मुलगा अमर नागपूरला कंपनीत होता. पौषात सुट्टी काढून तो बायको शालू आणि मुलगी टीनाला घेऊन आला. टीनाला पाचवं वर्ष पुरं व्हायचं होतं. शालूने मोबाईलवर घाटाचे फोटो पाहिले होते. "मामाजी, हे लय जुनं बंदर होय म्हणते. पह्यले अठून नावेनं माल जाये. टीनाचा बर्थडे आपण तठीच करू. डबा घेऊन जाऊ, नावेत बसू." ताराचंदने गुडघा पुढे केला. मग थंडी पुढे केली. मग गाय आज-उद्या विणार म्हणाला, तर गायीला अजून दोन महिने होते. शेवटी अमर हसून म्हणाला, "बाबा, तुमाले नसन यायचं तं घरी राहा. आमी जाऊन येतो." ताराचंदला वाटलं, पाच पुरी व्हायच्या दिवशीच पोर त्या पाण्यावर जाणार, आणि आपण घरी गोठ्यात बसणार? तो मुकाट्याने धोतर बदलून जीपमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसला.

दुपार व्हायला आली तरी नदीवरचं धुकं उठलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. घाटावर माणसं होती, नाही असं नाही. कुणी फोटो काढत होतं, कुणी कपडे धूत होतं, पण आवाज येत होते ते लांबून आल्यासारखे. रत्नमालेने मंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकली, वड्यांचा डबा उघडला. अमर आणि शालू केकच्या मेणबत्त्या पेटवायच्या खटपटीत, आणि वारा नसताना त्या विझत होत्या. ताराचंद सगळ्यात वरच्या पायरीच्या मागे उभा राहिला आणि टीनाचा हात त्याने घट्ट धरून ठेवला.

"मामाजी, पाण्याले भेता का?" शालूने चिडवलं. तेवढ्यात रत्नमालेने हाक मारली म्हणून तो वळला, डब्याचं झाकण काढून दिलं, आणि परत पाहतो तर टीना हातात नव्हती.

जीव गेला असता त्याचा, पण ती लगेच खालून धावत वर आली. फ्रॉक खालून भिजलेला. "आबाजी, ते आजी विचारते, चिंधू आला का?"

ते नाव जिवंत माणसांत ताराचंदशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. रत्नमालेलासुद्धा नाही. "कोनती आजी?" त्याने विचारलं. टीनाने खाली बोट दाखवलं. "असंन कोनी भिकारीन," रत्नमाला म्हणाली, "हे घ्या, एक वडा दिऊन या." म्हणजे तिलाही ती दिसत होती. त्याने बायकोकडे पाहिलं, तेवढ्यात टीना पुन्हा निसटून खाली पळाली होती.

पाण्याला लागून असलेल्या पायरीवर एक म्हातारी पाठमोरी बसली होती. तिच्याजवळ एक जुनं सूप होतं, आणि टीना हसत हसत त्या सुपात मांडी घालून बसत होती.

ताराचंद कसा खाली उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. सगळा जन्म चुकवलेल्या पायऱ्या तो धोतर सावरत, धापा टाकत उतरला. म्हातारीचं लुगडं कमरेपर्यंत ओलंचिंब होतं, आणि ती बसली होती ती पायरी कोरडी ठणठणीत. तिने तोंड वळवलं. चेहरा सुरकुतलेला, दात मात्र सगळे पांढरे, शाबूत. हनुवटीवर मासा गोंदलेला. मायेने सांगितला होता अगदी तसा.

"लय उशीर केला रे," ती लाडाने म्हणाली. "मी म्हटलं, येत नाही वाटते. मंग हे पोरगी आली. तुयासारखीच दिसते."

"पोरीले उठू दे," ताराचंद म्हणाला.

"काहून? आपल्या पायानं येऊन बसली. मी कोठी बोलावलं?"

त्याच्या खिशात टीनासाठी घेतलेले मुरमुरे होते. त्याने मूठ भरून पुढे केली. मायेचं राहिलेलं काम आपण पुरं करावं, एवढंच त्याला सुचलं. "घे. मी परत घेतो लेकरू. सौदा पुरा कर."

म्हातारीने मुठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोंडा मी तवाच नाही घेतला. मले काय कमी हाय? मले लेकरू पायजे." तिने सुपाच्या कडेला एक बोट लावलं. सूप पायरीवरून जरासं पाण्यावर सरकलं. बुडालं नाही. टीना टाळ्या पिटायला लागली. "आबाजी, पहा, नाव!" वर ओट्यावर अमर मोबाईल उंच धरून फोटो काढत होता आणि त्याला यातलं काहीच दिसत नसावं, कारण तो हसत होता.

"मले ने," ताराचंद म्हणाला. "मी हाओ ना तुया. मले घेऊन जाय."

"म्हातारं खोड घेऊन करू काय?" ती हसली. मग हसणं थांबवून तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला आपण फार लहान असल्यासारखं वाटलं. "जाचं तेथी जाय, राहाचं तेथी राय. मी तुले पाजलं, तू मले एकदाबी हाक मारली नाही. मले माय म्हण. पोरगी राहू देतो."

एवढंच? तुम्ही आम्ही पटकन म्हणून मोकळे झालो असतो. गावाकडे कुठल्याही म्हातारीला माणूस माय म्हणतोच. पण ताराचंदने म्हटलं नव्हतं. उभ्या आयुष्यात एकाच बाईला त्याने ती हाक मारली होती, आणि ही काय मागते आहे ते त्याला पक्कं कळलं होतं. सूप हातभर आत गेलं. आता धुक्यात टीनाचा फ्रॉक धूसर दिसत होता.

"माय," तो म्हणाला.

म्हातारीने समाधानाने डोळे मिटले. टीना त्याच्या मांडीला बिलगून उभी होती, फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि रडत होती. सूप कुठे गेलं ते त्याने पाहिलं नाही. म्हातारी कुठे गेली तेही नाही. त्याने पोरीला उचललं आणि वर आणलं. शालू ओरडली, अमर रागावला, "बाबा, लक्ष कोठी होतं तुमचं?" ताराचंदने सगळं ऐकून घेतलं. मग केक कापला, आणि या वेळी मेणबत्त्या धडपणे पेटल्या. त्याने दोन तुकडे खाल्ले. परतताना जीपमध्ये तो चक्क गाणं गुणगुणत होता. घाटाचं एवढं का घेऊन बसलो होतो आपण, असं म्हणून हसला सुद्धा. रत्नमालेला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. नातीची पाच वर्षं पुरी झाली, म्हातारा खुशीत आहे, अजून काय हवं.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. रत्नमालेने देवापुढे दिवा लावला आणि उदबत्ती घेऊन भिंतीवरच्या फोटोकडे गेली, तसा ताराचंद तिच्या मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ तो फोटोकडे पाहत होता.

"हे बाई कोन व्हय?" त्याने विचारलं.

"नका करू बाप्पा सांजच्या पारी मस्करी," ती म्हणाली आणि वळली. त्याच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती. "असं काय करता? तुमची माय होय ना. शकुनबाई."

ताराचंदने पुन्हा नीट पाहिलं, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर तिथले फोटो पाहावेत तसं.

"चांगली दिसते बिचारी," तो म्हणाला, आणि टीना झोपली का ते पाहायला आत गेला.